तीसपैकी एकोणीस

मराठी घरात आकडा आला की आधी त्याची टक्केवारी निघते, अर्थ मागाहून. न्यूरॉलॉजिस्ट सांगत असतात, की आईंना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली दिसते, चाचणीत तीसपैकी एकोणीस आलेत, आता घरी अमुक काळजी घ्या, तमुक टाळा. यातलं ‘एकोणीस’ तेवढं थोरल्या चिरंजीवांच्या डोक्यात शिरतं. लिफ्ट तळमजल्यावर येईपर्यंत हिशेब झालेला असतो. त्रेसष्ट टक्के! म्हणजे फर्स्ट क्लास. डिस्टिंक्शन नाही, मान्य. पण या वयात, काही अभ्यास न करता आणि आदल्या रात्री गुडघे ठणकत असताना! पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता ठरतं, की पेपर तपासण्यात काहीतरी घोळ आहे, रिचेकिंगला टाकला पाहिजे. महाराष्ट्रात सेकंड ओपिनियनचा जन्म बहुधा असाच पार्किंगमध्ये होतो.

मागच्या सीटवरून आई विचारते, “डॉक्टर काय म्हणाले रे?”

“काही नाही गं, थोडा अशक्तपणा आहे.”

दुसऱ्या सिग्नलला ती पुन्हा तेच विचारते. पुन्हा तेच उत्तर मिळतं, फक्त आवाज थोडा चढलेला असतो. शेजारी बसलेली सून खिडकीबाहेर पाहत राहते. तिचं मत कुणी विचारलेलं नाही, आणि खरं तर पहिलं ओपिनियन तिचंच होतं, दीड वर्षापूर्वीचं.

पण चिरंजीवांच्या शंकेत तथ्य अजिबात नाही, असं कुणी समजू नये. हा पेपर कोणी काढला, कोणासाठी काढला, हे पाहण्यासारखं आहे. मार्शल फोल्स्टीन, त्यांच्या पत्नी सुसान आणि पॉल मॅकह्यू या तिघांनी १९७५ साली अमेरिकेत ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ छापून प्रसिद्ध केली. पेशंटच्या उशाशी बसून पाच-दहा मिनिटांत उरकावी अशी ती चाचणी. आज साल कोणतं, ऋतू कोणता, महिना, तारीख, वार. आपण कुठे आहोत, कितव्या मजल्यावर आहोत. तीन शब्द लक्षात ठेवा. शंभरातून सात वजा करत जा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. एकूण गुण तीस, आणि चोविसाच्या खाली गेलं की डॉक्टरांची भुवई वर.

आता हा पेपर कसब्यातल्या एखाद्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींपुढे ठेवा. “आज तारीख काय, आजी?” त्यांचं उत्तर, “भागवत एकादशी.” पुराव्यादाखल त्या सकाळपासून उपाशी असतात. तारखेचा गुण शून्य. “महिना?” “निज श्रावण.” हे उत्तर २०२३ साली कुणी दिलं असेल तर ते डॉक्टरांच्या उत्तरापेक्षा जास्त काटेकोर म्हणावं लागेल, कारण त्या वर्षी श्रावण दोन आले होते आणि त्यातला दुसरा चालू आहे हे ओळखणं साधी गोष्ट नाही. १९७३पासून भिंतीवर ‘कालनिर्णय’ असलेल्या घरात तारखेचा चौकोन मुलांच्या परीक्षांसाठी आणि दुधाच्या हिशेबासाठी असतो. आजी वाचतात ते चौकोनाच्या आतलं बारीक अक्षर.

ऋतूचं तर विचारूच नये. ऑक्टोबरात मुंबईत कोणता ऋतू असतो, याचं बिनचूक उत्तर वेधशाळेनेही एका शब्दात देऊन दाखवावं. आजी सांगतात, “पावसाळा संपला म्हणतात, पण मी छत्री आणलीय.” कितवा मजला? “लिफ्टने तुम्ही आणलंत, बटण तुम्ही दाबलंत, मी कशाला मोजू?” या युक्तिवादाला गुण नाहीत.

शंभरातून सात वजा करताना मात्र बाजू पालटते. पावकी, निमकी, अडीचकी पाठ केलेली ही पिढी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असं आजी घसरगुंडीवरून आल्यासारख्या खाली येतात. मागे बसलेले चिरंजीव मनातल्या मनात सोबत करत असतात, ते एकोणऐंशीला अडकतात. पंचकोन काढायला सांगितलं की आजी आधी कागदावर ठिपके मांडतात. आयुष्यभर उंबऱ्यासमोर सोळा ठिपके सोळा ओळी काढलेल्या हाताला दोन पंचकोन म्हणजे काय मोठंसं!

दुसरा एक पेपर आहे, मॉन्ट्रियलचे डॉ. झियाद नासरेद्दीन यांनी २००५ साली आणलेला, ‘मोका’ नावाचा. तोही तीस गुणांचा, पण जरा कठीण. त्यात गेंडा ओळखायचा असतो आणि घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात. हाच पेपर सोडवून तीसपैकी तीस मिळवल्याचं एका अमेरिकी राष्ट्राध्यक्षांबद्दल २०१८मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं होतं. पुढे २०२०मध्ये टीव्हीवर पाच शब्द ओळीने म्हणून दाखवत राष्ट्राध्यक्षांनी त्याची उजळणीही केली. मार्कांचं कौतुक फक्त आपल्याकडेच आहे असं नव्हे. याच चाचणीत दोन वस्तूंमधलं साम्य विचारतात आणि सरावासाठी पहिली जोडी देतात केळं आणि संत्रं यांची. अपेक्षित उत्तर: दोन्ही फळं आहेत. मराठी आजींचं उत्तर: दोन्ही उपासाला चालतात. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर वरच्या इयत्तेचं आहे.

हे सगळं हसण्यावारी नेलं तरी प्रश्न खरा आहे आणि शास्त्रज्ञांना तो कधीच कळला होता. डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांमध्ये काम करताना पाहिलं, की अमेरिकी पेपर जसाच्या तसा दिला तर शाळेत न गेलेली धडधाकट म्हातारी माणसंही नापास होतील. म्हणून १९९५मध्ये त्यांनी हिंदी चाचणी प्रसिद्ध केली, त्यात सातच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. अमेरिकेतही १९९३मध्ये अठरा हजारांहून जास्त प्रौढांचे गुण मांडून पाहिले, तेव्हा नववी किंवा पुढे शिकलेल्यांचा मध्यांक २९ आला, पाचवी ते आठवीवाल्यांचा २६ आणि चौथीपर्यंत शिकलेल्यांचा २२. म्हणजे चौथी शिकलेल्या आजींना बावीस पडले तर त्या त्यांच्या वर्गात अगदी मधोमध आहेत, आणि बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांना चोवीस पडले तर काळजी करायला जागा आहे.

आजोबांचं प्रकरण उलट्या बाजूने फसवतं. ते अठ्ठावीस मिळवून, डॉक्टरांशी व्याजदरांवर चर्चा करून, रुबाबात बाहेर येतात आणि घरी आल्यावर चष्मा फ्रीजमध्ये ठेवतात. शिकलेला मेंदू बरीच वर्षं झाकपाक करू शकतो. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६पासून अमेरिकेतल्या ६७८ जोगिणींचा अभ्यास केला. त्यातल्या सिस्टर मेरी एकशे एक वर्षं जगल्या, चाचण्यांमध्ये शेवटपर्यंत उत्तम गुण मिळवत राहिल्या, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासला तर त्यात अल्झायमरच्या खुणांची दाटी. पेपर एक सांगत होता, मेंदू दुसरंच.

डॉक्टरांकडे गुणांपलीकडच्याही काही युक्त्या असतात. एक अशी, की प्रश्न विचारल्यावर पेशंट उत्तरासाठी मान वळवून सोबतच्या माणसाकडे पाहतो का. पाश्चात्त्य न्यूरॉलॉजीत ही एक मान्य खूण आहे. पण ही खूण मराठी नवऱ्याला लावायची म्हणजे पंचाईत. लग्न झाल्यापासून तो “माझा टॉवेल कुठाय?” पासून “आपण दोघे काकांकडे कधी गेलो होतो गं?” पर्यंत प्रत्येक प्रश्नाला मान वळवत आलेला असतो. “तुम्हाला किती मुलं?” या प्रश्नाला बायकोकडे पाहणारे गृहस्थ तिशीतही सापडतील. दुसरी खूण लिव्हरपूलमधल्या न्यूरॉलॉजिस्टांनी नोंदवली आहे: जो एकटाच तपासायला येतो त्याला स्मृतिभ्रंश असण्याची शक्यता कमी. हीसुद्धा आपल्याकडे निरुपयोगी. इथे ताप आला तरी चारजण सोबत जातात आणि पाचवा पार्किंगसाठी गाडीत बसतो.

तर मूळ मुद्दा, निदान मान्य कोणाला नाही आणि का. ढोबळ नियम असा, की पेशंटपासूनचं अंतर जितकं जास्त तितकी निदानावरची शंका दाट. स्वयंपाकघरात सोबत असणाऱ्या सुनेला काडीची शंका नसते. ऑफिसातून रात्री आठला येणाऱ्या मुलाला बरीच असते. न्यू जर्सीच्या धाकट्याला तर खात्रीच असते, की डॉक्टर चुकलेत. कारण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई ठणठणीत असते! “जेवलास का? थंडी आहे का? सूनबाई कशी आहे? पिल्लू काय म्हणतंय?” ही चार वाक्यं ती गेली बारा वर्षं म्हणत आलेली आहे, त्यांना नवी आठवण लागत नाही, आणि पिल्लू आता मिसरूड फुटलेलं कॉलेजात आहे हे तिने चुकवलं तरी ते लाडाचं नाव म्हणून खपून जातं. पाहुण्यांसमोर, परक्यांसमोर, फोनवर अशी माणसं कमालीची सावरून बसतात. धाकटा दोन आठवड्यांसाठी येतो तेव्हा पहिले दोन दिवस आई इतकी टवटवीत असते, की थोरल्याच्या बायकोवर आईला उगीच आजारी ठरवल्याचा आरोप डोळ्यांनी केला जातो. तिसऱ्या रात्री आई त्याला त्याच्या मामाच्या नावाने हाक मारते आणि कधी आलास म्हणून विचारते. मग तो बाल्कनीत जाऊन बायकोला फोन लावतो.

या धाकट्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयातही झालेली आहे. ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ या नावाने १९९१मध्ये अमेरिकेतल्या वृद्धचिकित्सकांच्या नियतकालिकात एक लेख आला होता. वर्षानुवर्षं लांब राहिलेली लेक अचानक विमानाने येते आणि घरच्यांनी व डॉक्टरांनी मिळून ठरवलेलं सगळं उधळून लावते, हा त्याचा विषय. कॅलिफोर्नियात म्हणे तीच मुलगी न्यूयॉर्कची किंवा शिकागोची असते. तिचा पत्ता बदलतो, बॅगा तशाच.

शंकेला कधी कधी चटईक्षेत्राचाही वास असतो. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली, फ्लॅट आईच्या नावावर. सही हवी असणाऱ्याला आई पूर्ण शुद्धीत वाटते. सही नको असणाऱ्याला तिला काही म्हणजे काही कळत नाही असं वाटतं. एकाच मातेच्या मेंदूबद्दल दोन सख्ख्या भावांची ही दोन ओपिनियनं वकिलांच्या लेटरहेडवरही येतात. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ५९ हा माणूस मृत्युपत्र करताना शुद्धीत होता का एवढंच विचारतो. एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही शुद्धीच्या काळात मृत्युपत्र करू शकतो, असं त्यात स्पष्ट आहे. निदान झालं म्हणून सहीचा हक्क त्याच दिवशी संपत नाही, हे पहिल्या भावाला माहीत असतं. दुसऱ्याला ते त्याचा वकील सांगतो.

बिल्डिंगमधल्यांची ओपिनियनं फुकट असतात, त्यामुळे ती आधी मिळतात. ब्राह्मी, शंखपुष्पी, रात्री भिजवलेले बदाम, सुडोकू. “वय झालं की होतंच हो” हे तिसऱ्या मजल्यावरचं मत सगळ्यात लोकप्रिय, कारण त्यावर काही करावं लागत नाही. ते चुकीचं आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहेच, पण त्याचा दुसरा अर्थ असा, की शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव ज्येष्ठांना वय होऊनही ‘ते’ झालेलं नाही. सिनेमाचाही दाखला निघतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, स्मृती हरपलेला संस्कृत पंडित उभा केला, तो रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे चालू लागतो. तो पाहून आलेले लोक म्हणतात, “आमच्या बाबांचं तसं काही नाही. ते अजून हत्तीमागे गेलेले नाहीत.”

अखेर एकदाचं दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळते. यात कुणी संकोच करायचं कारण नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क लिहिलेला आहे आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९मध्ये ती राज्यांकडे पाठवलेली आहे. पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून फाइल चोरून न्यायची गरज नसते. तरी ती चोरूनच नेली जाते, आणि एमआरआयच्या फिल्म गादीखालून काढताना एक वाकतेच.

डोंबिवलीतल्या एका घरात या दुसऱ्या भेटीसाठी नातीने आजीचा चक्क क्लास घेतला. पोरगी इंजिनिअरिंगची, मागच्या वेळी सोबत होती, पेपर तिला पाठ. आठ दिवस रोज संध्याकाळी उजळणी: आज मंगळवार, आपण महाराष्ट्रात, क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, ते तीन शब्द सफरचंद-टेबल-नाणं. रिक्षातही शेवटची रिव्हिजन झाली. नव्या डॉक्टरांनी मात्र शब्द दिले गुलाब, चमचा आणि रिक्षा. पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारून त्यांनी विचारलं, “आजी, मघाशी मी तीन शब्द सांगितले होते, कोणते?”

आजींनी ताठ बसून एका दमात सांगितलं, “सफरचंद, टेबल, नाणं.”

डॉक्टरांनी नातीकडे पाहिलं. नातीने पंख्याकडे पाहिलं.

“कोणी शिकवलं तुम्हाला?”

“कोणी कशाला शिकवायला पाहिजे? मला येतंच.”

त्यानंतर डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि खुर्ची सुनेकडे वळवली. दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवतं? गोळ्या स्वतः घेतात की द्याव्या लागतात? मंदिरातून घरी एकट्या येतात? स्वयंपाक? स्मृतिभ्रंशाचं निदान गुणांवर होत नाही, ते रोजचं काम किती अडतंय यावर होतं, आणि ते सांगणारा साक्षीदार बहुधा ओट्याजवळ उभा असतो. सून थोडी घुटमळली. मग म्हणाली, होळीला आईंनी पुरण घातलं. डाळ शिजवली, चाळणीवर निथळत ठेवली. मग त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “आता यात काय घालतात गं?” साठ वर्षं ज्यांच्या पुरणपोळ्या अख्खी चाळ खात आली, त्यांनी हे विचारलं. नवऱ्याने हे पहिल्यांदाच ऐकलं. होळीला तो जेवायला घरी होता. त्याने तीन पोळ्या खाल्ल्या होत्या.

मग डॉक्टर म्हणाले, गोळ्या दाखवा. साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी झाली. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, काहींवर नावाची अर्धीच अक्षरं, काहींवर फक्त ‘हे औषध मुलांपासून दूर ठेवा’. पूर्वीच्या कुठल्याशा डॉक्टरांनी ‘फक्त पंधरा दिवस’ म्हणून दिलेली झोपेची गोळी, जिला आता सातवं वर्ष लागलेलं. सर्दी-शिंकांची गोळी. वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून ऑक्सिब्युटिनिन. अ‍ॅसिडिटीची सकाळची गोळी. साखरेसाठी मेटफॉर्मिन. बीपीची, लघवी वाढवणारी. आणि पहिल्या न्यूरॉलॉजिस्टांनी सुरू केलेली डोनेपेझिल.

या पिशवीपुढे तीस गुणांचा पेपर फिका पडावा. डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरायला दिलेली. सर्दीची आणि लघवीची या दोन्ही गोळ्या त्याच अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवणाऱ्या. तिघी एकाच पिशवीत गुण्यागोविंदाने राहत होत्या. त्यातही डोनेपेझिलने काहींना लघवी धरून ठेवता येत नाही. मग त्यासाठी दुसरी गोळी येते, हे चक्र कॅनडातल्या ओंटारियोत २००५मध्ये रीतसर अभ्यासलं गेलं आहे. मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२ घटतं, आणि शाकाहारी मराठी माणसाकडे घटायला मुळात असतंच किती? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. हे २००६मध्ये प्रसिद्ध झालं. बीपीच्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. थायरॉइड मंदावला तरी माणूस मंदावतो.

आणखी काही प्रश्न त्यांनी विचारले, जे पहिल्या भेटीत गर्दीमुळे राहिले असावेत. गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार? “नाही हो. म्हणजे मोरीत घसरल्या होत्या, पण काही लागलं नव्हतं.” ‘काही लागलं नव्हतं’ यातून काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली साकळलेलं रक्त निघू शकतं, म्हणून स्कॅन पुन्हा पाहायचा. पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालणं, लघवीचा ताबा सुटणं आणि विसरणं ही तिन्ही एकत्र आली तर मेंदूतलं पाणी तुंबलंय का ते पाहायचं. हा आजार १९६५मध्ये सालोमॉन हाकीम, रेमंड अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केला, आणि त्यावर शस्त्रक्रियेने उपाय होतो. घरात मात्र चालणं वयावर, लघवी साखरेवर आणि विसरणं स्वभावावर अशी वाटणी आधीच झालेली असते. नैराश्यातही माणूस हुबेहूब तसा दिसू शकतो; फरक असा, की नैराश्यातला प्रत्येक प्रश्नाला “मला नाही माहीत” म्हणत बसतो, आणि स्मृतिभ्रंशातला बहुधा काहीतरी ठोकून देतो. आजी कोणत्या गटात बसतात हे सफरचंद-टेबल-नाण्याने सांगितलंच होतं.

इथे चिरंजीव खुर्चीत पुढे सरकले. म्हणजे हे सगळं बरं होण्यातलं आहे? डॉक्टर प्रामाणिक निघाले. २००३मध्ये ३९ अभ्यासांतल्या ५,६२० रुग्णांची एकत्र पाहणी झाली होती. सुधारू शकेल असं कारण नऊ टक्क्यांत सापडलं. प्रत्यक्षात पूर्ण किंवा थोडीफार सुधारणा झालेले होते ०.६ टक्के. हजारात सहा. या सहांसाठी सगळ्यांचं रक्त तपासायचं, गोळ्या चाळायच्या, आणि बाकीच्यांच्या घरच्यांना खोटी आशा लावायची नाही, अशी ती कसरत.

मग दुसऱ्या मताचा उपयोग काय, असा चेहरा चिरंजीवांनी केला. उपयोग पुष्कळदा ‘आहे की नाही’पेक्षा ‘कोणता’ यासाठी असतो. अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना २०१४मध्ये पार्किन्सन्स सांगितला गेला होता. त्याच वर्षी त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा लेवी बॉडीचा आजार निघाला. ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने २०२२मध्ये वाचा गेल्याचं सांगितलं आणि २०२३मध्ये फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाचं. पैसा, डॉक्टर, यंत्रं यांची कमतरता नसलेल्या घरांत ही गत. नावाने फरक पडतो: लेवी बॉडीच्या पेशंटला भिंतीवर माणसं दिसतात म्हणून कुणी हॅलोपेरिडॉल टोचलं तर माणूस लाकडासारखा ताठ होऊन जिवावर बेतू शकतं. आणि जे निदान हॉस्पिटलच्या खाटेवर, खुबा मोडल्यावर किंवा लघवीच्या संसर्गात ताप चढलेला असताना झालं असेल, ते घरी आल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घेणं केव्हाही शहाणपणाचं. त्या अवस्थेत भलेभले बरळतात.

डोंबिवलीच्या आजींचं निदान बदललं नाही. सुरुवातीचा अल्झायमर, हे दुसऱ्यांनीही लिहिलं. सर्दीची आणि लघवीची गोळी बंद झाली, झोपेची हळूहळू उतरवायला सांगितली, बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांनी आजींना बावीस मिळाले. डॉक्टरांनी बजावलं, की दोन-तीन गुण इकडेतिकडे होतातच, त्यात फार अर्थ नाही. तरी येताना चिरंजीवांनी पाव किलो पेढे घेतले. त्र्याहत्तर टक्के.

सगळ्यात मोठा फरक मात्र वेगळ्याच चिठ्ठीने पडला. डॉक्टरांनी कान तपासायला पाठवलं होतं. दोन्ही कानांनी आजींना बरंच कमी ऐकू येत होतं. निम्मे प्रश्न त्यांना पोचतच नव्हते, आणि पोचले नाहीत की त्या हसून “हो हो” म्हणायच्या. लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाला २०१७पासून जागा दिलेली आहे. यंत्र आलं, बरंच महाग. आजी पहिले चार दिवस ते काढून पानाच्या डब्यात ठेवत होत्या, कारण पंख्याचा आवाज होतो. पाचव्या दिवसापासून घालू लागल्या. अजूनही त्या वार विसरतात, पुरणाची कृती सुनेला विचारतात, औषध घेतलं नाही म्हणून भांडतात. पण शेजारच्या खोलीत मुलं हळू आवाजात काय बोलतात, ते आता त्यांना स्वच्छ ऐकू येतं. परवा मोठा भाऊ न्यू जर्सीशी फ्लॅटबद्दल बोलत असताना आतून आवाज आला, “मी अजून आहे रे!” तेव्हापासून आईविषयीच्या सगळ्या चर्चा गच्चीत होतात. गुडघ्यांमुळे तेवढे जिने आजींना अजून जमत नाहीत, आणि त्यावर सेकंड ओपिनियन घेण्याचा विषय घरात कुणी काढलेला नाही.